नाना शंकरशेट आणि ग्रँट रोडची नाटकशाळा

मराठी रंगभूमीचा इतिहास बहुधा नाटककारांच्या आणि नटांच्या नावांनी सांगितला जातो. विष्णुदास भावे, अण्णासाहेब किर्लोस्कर, देवल, कोल्हटकर, खाडिलकर, गडकरी ही मालिका ठरून गेलेली आहे. तिच्या जोडीला नाटकमंडळ्यांच्या हकीकती येतात. नाटक ज्या वास्तूत झाले ती कोणी, कशासाठी उभारली, तेथे प्रेक्षक कोणत्या नात्याने आला, दाराशी पैसे देऊन आला की यजमानाचा पाहुणा म्हणून आला, हे प्रश्न मात्र तळटिपांच्या वाट्याला गेले. मुंबईच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. या शहरात मराठी नाटकाला जे पहिले बांधीव नाट्यगृह लाभले ते इंग्रजी नाटकांसाठी बांधलेले होते, आणि ज्या गृहस्थाच्या जमिनीवर ते उभे राहिले त्याचे नाव शिक्षण, आगगाडी आणि नगरकारभार यांच्या इतिहासात जितक्या ठळकपणे येते तितके रंगभूमीच्या इतिहासात येत नाही. जगन्नाथ शंकरशेट, लोकांचे नाना, यांच्या चरित्राकडे या बाजूने पाहिले म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मराठी नाटकाचा आश्रय कसा पालटला, हे बरेचसे उलगडते.

नानांचा जन्म १० फेब्रुवारी १८०३ रोजी ठाणे जिल्ह्यातील मुरबाड येथे झाला. घराणे दैवज्ञ, मूळ आडनाव मुरकुटे. अठराव्या शतकाच्या मध्यास हे घराणे घोडबंदरहून मुंबईत आले आणि येथील व्यापारात स्थिरावले. घराण्यातील गणबाशेट यांच्या नावाचा एक रस्ता कोटात होता. इंग्रजी जिभेवर त्याचे गनबो स्ट्रीट झाले आणि पुढे त्या नावाचा मूळ अर्थच लोक विसरले. नानांचे वडील शंकरशेट मोठे जवाहिरे आणि सावकार होते. १८२२ मध्ये ते वारले तेव्हा नाना एकोणीस वर्षांचे होते. वारशाने आलेल्या संपत्तीत रोकड, जवाहीर यांच्याबरोबर गिरगाव आणि त्यापलीकडील भागातील विस्तीर्ण जमिनी होत्या. या जमिनींचा उल्लेख चरित्रकार श्रीमंतीची खूण म्हणून करतात आणि पुढे जातात. नाट्यगृहाच्या हकीकतीत मात्र त्यांनाच महत्त्व आहे.

नानांनी वडिलोपार्जित व्यापार बुडू दिला नाही. अरब आणि अफगाण व्यापारी आपली ठेव पेढ्यांपेक्षा त्यांच्याकडे ठेवणे अधिक सुरक्षित समजत, अशी त्यांची पत होती. ही पत हीच त्यांच्या सार्वजनिक जीवनाची पायरी ठरली. अव्वल इंग्रजीतील मुंबईत पेशवाईतील दरबारासारखे एकच सत्ताकेंद्र नव्हते. गव्हर्नर आणि त्याचे कौन्सिल, सुप्रीम कोर्ट, पारशी शेटिये, गुजराती भाटिये आणि वाणी, कोकणी मुसलमान नाखवे, आणि नव्याने इंग्रजी शिकणारे मराठी तरुण अशी अनेक वर्तुळे एकमेकांना छेदत होती. या सर्व वर्तुळांत ज्याचा शब्द चालतो असा हिंदू गृहस्थ सरकारला हवा होता, लोकांनाही हवा होता. नाना ती जागा भरून काढत गेले. जस्टिस ऑफ द पीस हा मान मिळालेल्या पहिल्या हिंदी मंडळींत ते होते. हिंदूंची सोनापूरची स्मशानभूमी हलविण्याचा घाट सरकारने घातला तेव्हा त्याविरुद्ध उभे राहणाऱ्यांचे पुढारीपणही त्यांच्याकडेच आले. सरकारी मान आणि लोकांचे गाऱ्हाणे या दोहोंचा भार एकाच खांद्यावर वाहणे सोपे नव्हते. नानांनी तो चाळीस वर्षे वाहिला.

शिक्षणाच्या क्षेत्रातील त्यांचे कार्य सर्वश्रुत आहे. १८२२ पासून आकाराला आलेल्या मुंबईच्या शाळा-पुस्तक मंडळीचे, म्हणजे पुढील नेटिव एज्युकेशन सोसायटीचे, ते आधारस्तंभ होते. १८४० मध्ये बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झाले तेव्हा त्यावर त्यांची नेमणूक झाली आणि बोर्ड विसर्जित होईपर्यंत ते त्यावर राहिले. तेथील एक प्रसंग मात्र प्रस्तुत विषयाशी जवळून निगडित आहे. बोर्डाचे अध्यक्ष सर अर्स्किन पेरी यांचा कल उच्चवर्गीय थोड्यांना इंग्रजीतून शिक्षण देण्याकडे होता. १८४७ च्या सुमारास हा वाद हातघाईवर आला. कर्नल जर्विस आणि बोर्डावरील हिंदी सभासद देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. नानांनी आपले मत सविस्तर टिपणाने नोंदविले. इंग्रजीचा त्यांना विरोध नव्हता. एलफिन्स्टन इन्स्टिट्यूशनच्या उभारणीत त्यांचा हात होता आणि इंग्रजी विद्येने आलेली नवी दृष्टी त्यांना हवीच होती. परंतु बहुजनांपर्यंत ज्ञान पोहोचायचे तर ते त्यांच्या भाषेतूनच पोहोचेल, हा त्यांचा आग्रह होता. १८४९ मध्ये स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीने मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा नानांनी आपल्या वाड्यातील जागा दिली. इंग्रजांनी आणलेली संस्था घ्यावी आणि तिच्यात देशी माणसाला व देशी भाषेला जागा करून द्यावी, हे सूत्र त्यांच्या बहुतेक कार्यांत दिसते. नाट्यगृहाच्या बाबतीतही तेच घडले. फरक इतकाच की तेथे ते आधी ठरवून घडले असे म्हणण्यास आधार नाही.

मुंबईत इंग्रजांचे पहिले नाट्यगृह १७७६ मध्ये कोटातील बॉम्बे ग्रीनवर उभे राहिले. कंपनीचे अधिकारी आणि लष्करी हौशी मंडळी तेथे नाटके करीत, तीच मंडळी ती पाहत. हे नाट्यगृह कायम कर्जात राहिले. १८३५ मध्ये ते बंद पडून विकले गेले. जमशेटजी जीजीभाईंनी ते घेतले. देणी फिटल्यावर उरलेली रक्कम सरकारी तिजोरीत पडून होती. १८४० मध्ये नागरिकांनी सरकारकडे अर्ज केला की या पैशातून शहराला पुन्हा नाट्यगृह मिळावे. अर्जावर युरोपियनांबरोबर हिंदी शेटियांच्याही सह्या होत्या आणि त्यांत नाना होते. नाट्यगृह ही केवळ गोऱ्यांच्या करमणुकीची जागा नसून शहराची सार्वजनिक गरज आहे, ही कल्पना येथे प्रथमच हिंदी नागरिकांच्या सहीने कागदावर आली. ही बाब लहान दिसते. पण कर देणाऱ्या, अर्ज करणाऱ्या, हिशेब मागणाऱ्या नागरिकाचा जो नवा वर्ग मुंबईत तयार होत होता, त्याने रंगभूमीवर सांगितलेला हा पहिला हक्क होय.

जागेचा प्रश्न नानांनी सोडविला. गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या नावाचा रस्ता नुकताच तयार झाला होता आणि त्याच्या कडेची जमीन नानांनी नाट्यगृहासाठी दिली. त्यांच्या औदार्याचे कौतुक करताना एक गोष्ट विसरता कामा नये. कोटाबाहेरची मुंबई तेव्हा नव्याने वसत होती आणि त्या भागात नानांच्या इतरही जमिनी होत्या. नाट्यगृह आले की रस्ता वाहता राहील, वस्ती वाढेल, हे त्यांच्यासारख्या व्यवहारी माणसाला दिसले नसेल असे मानणे कठीण आहे. उदारपणा आणि हिशेब यांची फारकत करणे ही नंतरच्या चरित्रकारांची गरज आहे. नानांच्या पिढीतील शेटियांना तशी फारकत ठाऊक नव्हती, आणि त्याबद्दल त्यांना दोष देण्याचेही कारण नाही.

नवे नाट्यगृह फेब्रुवारी १८४६ मध्ये सुरू झाले. रचना इंग्रजी पद्धतीची: चौकटीचा रंगमंच, पडदा, समोर पिट, वर बॉक्स, ड्रेस सर्कल आणि गॅलरी. नाटकेही इंग्रजी आणि चालविणारेही इंग्रज. परंतु ज्या प्रेक्षकाला डोळ्यांसमोर ठेवून ते बांधले तो प्रेक्षक तेथे फारसा टिकला नाही. कोटापासून ग्रँट रोड लांब, रात्रीचा रस्ता देशी वस्तीतून आणि बाजारांतून जाणारा. साहेब आणि त्यांच्या मडमा यांना ही वाट रुचेना. रिकाम्या खुर्च्या परवडत नाहीत. तिकिटांचे दर उतरले आणि पारशी, हिंदू, मुसलमान प्रेक्षक येऊ लागले. प्रथम ते इंग्रजी नाटकच पाहत होते. भाषा कळो न कळो, पडदे, दिवे, पोशाख आणि शेवटचा फार्स यांची त्यांना चटक लागली. सहासात वर्षांतच ही वास्तू आतून देशी झाली. लोकांच्या तोंडी तिचे नाव शंकरशेटची नाटकशाळा असेच पडले. सरकारी नावापेक्षा ते अधिक चालले.

इकडे सांगलीत काय घडत होते ते सर्वांना ठाऊक आहे. श्रीमंत चिंतामणराव अप्पासाहेब पटवर्धन यांच्या आज्ञेने विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सीतास्वयंवराचा प्रयोग केला. कर्नाटकातील भागवत मंडळींचे खेळ पाहून त्याच धर्तीवर, पण अधिक नेटके असे काही मराठीत व्हावे, ही अप्पासाहेबांची इच्छा होती. खर्च संस्थानाचा, प्रेक्षक दरबाराचा. सूत्रधाराने पदे म्हणावीत, विदूषकाने मध्ये मध्ये बोलावे, गणपती व सरस्वती येऊन जावेत, राक्षसांनी आरोळ्या ठोकीत थैमान घालावे, अशी त्या नाटकांची बैठक. पुढच्या पिढीने त्यांना तागडथोम नाटके म्हणून हिणविले. पण त्या खेळांनी आठ वर्षे दरबाराचे मन रमविले होते. १८५१ मध्ये अप्पासाहेब निवर्तले आणि भाव्यांच्या पायाखालची जमीन सरकली. नव्या कारभारात पूर्वीचा आश्रय उरला नाही. नटांना वेतन द्यायचे, कर्ज फेडायचे, तर फिरतीवर निघण्यावाचून गत्यंतर नव्हते. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या नाट्यकवितासंग्रहाच्या प्रस्तावनेत भाव्यांनी या सर्व खटाटोपाची हकीकत दिली आहे. मराठी नाट्येतिहासाच्या अभ्यासकाने ती नाटकाच्या अर्थकारणाचा दस्तऐवज म्हणूनही वाचावी अशी आहे.

१८५३ मध्ये भाव्यांची मंडळी मुंबईत आली. सुरुवातीचे खेळ गिरगावात, वाडीतील मांडवात झाले. वाडीतला खेळ आणि दरबारातला खेळ यांत स्थळाचा फरक असला तरी जात एकच: यजमान बोलावतो, प्रेक्षक त्याचे आमंत्रित असतात, नट बिदागी घेतो. पुढची पायरी ग्रँट रोडची होती. डॉ. भाऊ दाजी आणि नाना शंकरशेट या दोघांचे पाठबळ भाव्यांना मिळाले आणि मार्च १८५३ मध्ये त्यांचा खेळ इंग्रजी नाट्यगृहात, वृत्तपत्रात जाहिरात देऊन आणि तिकीट लावून झाला. सूत्रधार, विदूषक आणि मोरावर बसलेली सरस्वती प्रथमच विलायती चौकटीत, पडद्याच्या आत उभी राहिली.

या घटनेचे वर्णन मराठी नाटकाचा मुंबईतील पहिला धंदेवाईक प्रयोग असे केले जाते. ते खरे आहे. पण त्यातून तिकिटाने काय बदलले हे स्पष्ट होत नाही. दरबारात आणि वाडीत प्रेक्षक कोठे बसणार हे त्याच्या जातीने आणि यजमानाशी असलेल्या नात्याने ठरे. नाटकशाळेत ते त्याने मोजलेल्या पैशाने ठरू लागले. गॅलरीतल्याला बॉक्समध्ये जागा मिळत नव्हती हे उघड आहे, आणि पैशाची उतरंड जातीच्या उतरंडीहून फार निराळी होती असेही नाही. परंतु पैसा असणाऱ्या कोणालाही दार बंद राहिले नाही. दुसरा बदल नटाच्या बाजूचा. एका श्रीमंताची मर्जी राखण्याऐवजी त्याला आता अनोळखी, मिश्र समुदायाची आवड ओळखावी लागली. त्याचा पुरावा लगेचच मिळतो. त्याच वर्षाच्या अखेरीस भाव्यांनी याच नाट्यगृहात राजा गोपीचंदाचा खेळ हिंदुस्थानीत केला. सांगलीच्या दरबारात मराठी पुरेशी होती. ग्रँट रोडच्या पिटमध्ये गुजराती, पारशी, कच्छी आणि उत्तरेकडील माणूस बसला होता. तिकिटाने नाटकाची भाषा बदलली, असे म्हणण्यास येथे जागा आहे. मराठीचा कैवार घेऊन बोर्डात भांडणाऱ्या नानांच्याच नाटकशाळेत मराठी नाटककाराला दुसऱ्या भाषेचा आधार घ्यावा लागला, यातला विरोध त्या काळी कोणाला जाणवला असेल असे वाटत नाही. मुंबईच्या बहुभाषिक बाजारपेठेशी मराठी नाटकाची ती पहिली गाठ होती.

त्याच १८५३ च्या ऑक्टोबरात पारशी नाटक मंडळीने रुस्तुम आणि सोराब यांच्या कथेवरचे गुजराती नाटक येथेच केले. म्हणजे सात-आठ महिन्यांच्या आत एकाच छताखाली मराठी, गुजराती आणि हिंदुस्थानी अशा तीन भाषांतील नाटकांचा व्यावसायिक संसार सुरू झाला. पारशी रंगभूमीचा इतिहास आणि मराठी रंगभूमीचा इतिहास विद्यापीठांतून वेगवेगळे शिकविले जातात. त्यांचा जन्म मात्र एकाच नाटकशाळेच्या विंगांत झाला. मुख्य खेळानंतर फार्स करण्याची जी चाल मराठी मंडळ्यांनी पुढच्या काही वर्षांत उचलली, तिचे मूळ इंग्रजी आणि पारशी खेळांच्या या सान्निध्यात शोधावे लागते. मराठी गद्य संवादाला रंगभूमीवर प्रथम मोकळीक मिळाली ती या फार्सांत. पौराणिक खेळात नट सूत्रधाराच्या पदांमागे उभा असे; फार्सात तो स्वतः बोलू लागला. १८६१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वि. ज. कीर्तने यांच्या थोरले माधवराव पेशवे या नाटकाकडे जाणारी वाट याच भागातून जाते.

नानांनी स्वतः नाटके किती पाहिली, कोणती आवडली, याचा मागोवा येथे महत्त्वाचा नाही. ते रसिक म्हणून रंगभूमीच्या इतिहासात येत नाहीत. त्यांचे स्थान निराळे आहे: जागा, पत आणि शब्द या तीन गोष्टी त्यांनी पुरविल्या. मंडळीला नाट्यगृह मिळवून द्यायचे, प्रतिष्ठितांना ते पाहण्यास यायला लावायचे आणि नाटक म्हणजे हलक्या लोकांचा नाद अशी जी समजूत होती तिला आपल्या उपस्थितीने धक्का द्यायचा, हे काम नाना आणि भाऊ दाजी यांच्यासारख्यांनीच होण्याजोगे होते. अप्पासाहेब पटवर्धनांचा आश्रय आणि नानांचा आश्रय यांत फरक आहे तो येथे. अप्पासाहेबांनी नटांना पोसले; नानांनी त्यांना बाजारात उभे राहण्यास जागा दिली. पहिला आश्रय आश्रयदात्याच्या मृत्यूबरोबर संपला. दुसरा टिकला, पण त्याची किंमत मंडळ्यांनी पुढची शंभर वर्षे मोजली. नाट्यगृहाचे भाडे, फिरतीचा खर्च, पडद्यांचा खर्च आणि त्यापायी होणारे कर्ज हा मराठी नाटकमंडळ्यांच्या चरित्रांतला न संपणारा अध्याय त्या मार्च महिन्यातच सुरू झाला.

नानांचे १८५३ हे वर्ष आणखी एका कारणाने लक्षात राहते. १८४५ पासून ज्या आगगाडीच्या योजनेसाठी ते जमशेटजींबरोबर झटत होते, ती १६ एप्रिलला बोरीबंदरहून ठाण्यास धावली. भाव्यांच्या तिकिटाच्या खेळाला तेव्हा जेमतेम महिना उलटला होता. या दोन घटनांचा परस्परांशी प्रत्यक्ष संबंध नाही. परंतु लोहमार्ग पसरल्यानंतर नाटकमंडळ्यांचे पेटारे बैलगाडीतून उतरून आगगाडीत चढले, आणि मुंबईचा मुक्काम ही मंडळीच्या वार्षिक दौऱ्यातली कमाईची जागा झाली. त्याआधीच्या वर्षी, २६ ऑगस्ट १८५२ रोजी, बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली होती आणि तिचे अध्यक्षपद नानांकडे होते. १८५७ च्या धामधुमीत त्यांच्याविषयी संशय घेतला गेला. त्यातून ते निष्कलंक बाहेर पडले. १८६२ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलवर त्यांची नेमणूक झाली. ३१ जुलै १८६५ रोजी त्यांचे निधन झाले. शेअरच्या सट्ट्याचा फुगा त्याच महिन्यात फुटला होता आणि अनेक शेटियांची घराणी रस्त्यावर आली होती. नानांच्या नावाची संस्कृतची शिष्यवृत्ती मॅट्रिकच्या परीक्षेशी जोडली गेली आणि पिढ्यान्‌पिढ्या हुशार विद्यार्थ्यांचे ते स्वप्न राहिले. टाउन हॉलमध्ये त्यांचा संगमरवरी पुतळा बसला. नाटकशाळेची आठवण या स्मारकांत कोठे नाही.

ग्रँट रोडवर मात्र नाटक पसरत गेले. १८७० मध्ये विक्टोरिया नाटक मंडळीचे थिएटर तेथे झाले आणि मागोमाग आणखी नाटकशाळा आल्या. इंग्रजी नाटकांचा प्रेक्षक कोटाच्या बाजूला परतला. १८७९ मध्ये बोरीबंदराजवळ गेयटी थिएटर निघाले, १८८७ मध्ये नॉव्हेल्टी. किर्लोस्कर मंडळीच्या काळापर्यंत मराठी नाटकाने या नव्या थिएटरांतही पाऊल टाकले होते, आणि पांढरपेशा मराठी प्रेक्षकाला ग्रँट रोडची वस्ती आता पूर्वीच्या साहेबाइतकीच नकोशी झाली होती. अभिरुचीच्या इतिहासात हा मुद्दा अजून पुरेसा तपासला गेलेला नाही. संगीत नाटकाला जे सोवळेपण लाभले त्यामागे पदांची शास्त्रोक्त बैठक होती, तशीच ही वस्ती मागे टाकल्याची भावनाही होती. तमाशा आणि हिंदुस्थानी खेळ त्या भागातच राहिले. इंग्रजी प्ले हाउस या शब्दाचे लोकांनी पिला हाऊस केले आणि तेच त्या परिसराचे नाव होऊन बसले. पुढे तेथील नाटकशाळांची सिनेमागृहे झाली.

नानांच्या जमिनीवर उभी राहिलेली मूळ वास्तू आज उरलेली नाही. जवळच्या चौकाला नाना चौक म्हणतात आणि गिरगावच्या जुन्या रस्त्याला जगन्नाथ शंकरशेट मार्ग हे नाव आहे. पिला हाऊस हा शब्द मात्र टॅक्सीवाल्यांच्या तोंडी बराच काळ टिकला; त्यातले पिला म्हणजे पिवळा, असे समजणारेही पुष्कळ होते.